पावणेपाच इंच

फुटाचे मीटर करायचे असले की गल्लीतले लोक माझ्याकडे येत. पत्रा असो, पाइप असो, मी कागदावर मांडून द्यायचो. फूट म्हणजे तीस सेंटीमीटर, हे शाळेतल्या पट्टीवरून डोक्यात बसलेलं. एका कडेला बारा इंच, दुसरीकडे तीस. तिसाच्या पुढे पट्टीची थोडी कोरी कड राहते, तिच्याकडे मी कधी नीट पाहिलंच नाही.

आमची घराची जागा पन्नास फूट रुंद. धाकट्या भावाची आणि माझी वाटणी पंचवीस-पंचवीस. तो बायकोसह ऊसतोडीला गेला आणि जाताना म्हणाला, "दादा, मधली भित तुमीच घाला. तुमच्या मापात खोट नसती."

वाटणीच्या कागदावर मापं मीटरमध्ये हवी होती. मी साडेसात लिहिलं. गवंड्याने भावाच्या कडेपासून साडेसात मीटर मोजून भिंत उचलली. उरलं ते आपसूक माझ्याकडे आलं.

पाडव्याच्या सुमारास भाऊ परतला. त्याचं घर आणि मधली भिंत यांच्यामधून परसात जायला सात फुटांची वाट ठरलेली होती. त्याची टायरची बैलगाडी पावणेसात फूट रुंद. गाडी आत घालताना चाकाच्या मधोमध बाहेर आलेला तुंबा माझ्या नव्या भिंतीला घासला आणि अडकला. बैल सोडून त्याने माझ्याच घरातला टेप मागून नेला.

"पावणेपाच इंच कमी हाय," तो म्हणाला.

मी पुन्हा मोजलं. खरंच कमी होतं. फुटामागे अर्धा सेंटीमीटर मी सोडत आलो होतो. "अरे, चूक झाली. मला वाटलं, तीसच असतात."

"तुमची चूक?" तो हसला. "लग्नात पत्रावळ्यासुदिक मोजून घेता तुमी. गाव म्हणतं, ह्यो माणूस चुकत न्हाई. मंग ही चूक माझ्याच वाट्याला कावून आली?"

माझ्या नेमकेपणावर आयुष्यभर विश्वास ठेवलेल्या माणसाला चूक पटवून देणं जमलं नाही.

भिंत मी पाडली, कागद दुरुस्त केला, सात मीटर बासष्ट सेंटीमीटरवर नवी बांधली. मोजताना त्याला बोलावलं, तर आला नाही. काम संपल्यावर बाजारातून नवा टेप आणून त्याने एकट्यानेच मोजलं. माप बरोबर निघालं. गाडी आता सरळ आत जाते.

परवा त्याने गोठ्यावर पत्रे घातले. किती लांबीचे, ते गवंड्याला विचारलं. मी भिंतीच्या अलीकडेच उभा होतो.