मृणालच्या घरचे सगळे ओटीपी माझ्या फोनवर

शेजारचं घर भाड्याचं असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. अकरा महिने झाले की टेम्पो येतो, एक बिऱ्हाड जातं, दुसरं येतं, आणि प्रत्येक जण दोन-चार किस्से माझ्या ओट्यावर ठेवून जातो. घरमालक आजऱ्याला, किल्ली माझ्याकडे. त्यामुळं कोण आलं, कपाटं किती आणली, हे मला बघावंच लागतं. आमचे हे म्हणतात, "तुला कुणी नेमलंय काय?" नेमलं नसेना का. लक्ष ठेवायला कुणीतरी लागतंच की.

यंदा अकोल्याची मृणाल आली. नवऱ्याची नोकरी वारणानगरला, हिची पुण्याच्या कंपनीत. लग्नाला दोन वर्षं झाली, पण संसार सगळा रविवारच्या एसटीत. शेवटी कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली, पण एक अट घातली. सोमवारी सकाळी नऊच्या आत घरात पक्कं नेट पाहिजे. नसेल तर पुण्याला परत यायचं. पोरगी सामान लावायच्या आधी नेटचंच विचारत होती.

ती दोघं यायच्या आधीच मी गॅस, लाइट, नेट, सगळ्यांचे अर्ज भरून ठेवले होते. पत्ता मालकाच्या कागदावरून बघून उतरवला, मोबाइल नंबरच्या रकान्यात माझा नंबर घातला. दिवसभर घरात सापडणारं माणूस म्हणजे मीच. यात काय चुकलं, ते शेवटी सांगते. आता सगळं मार्गी लागलंय, म्हणून हसून सांगता येतंय.

*

पहिला प्रश्न पाण्याचा. आमच्या गल्लीत पाणी सोडणारा चावीवाला सायकलवरून येतो, रस्त्यातलं झाकण उघडतो, लांब चावी घालून फिरवतो. मृणालनं त्याला गाठलं. हातात वही. पाण्याचं वेळापत्रक आहे का, म्हणून विचारलं.

"हाय की," तो म्हणाला. "मी उठलो की पाणी."

तिनं ते वहीत लिहून घेतलं.

*

लाइट बंद होती, कारण घर चार महिने रिकामं. जोडायला वायरमन आला. त्याच्या कागदावर मीटर मालकाच्या आजोबांच्या नावावर. म्हणाला, गणपतरावांना बोलवा, सही पाहिजे.

मी म्हटलं, "ते वारले. पंधरा वर्षं झाली असतील."

त्यानं कागद खालीवर बघितला. "असं कसं, मावशी? गेल्या वर्षी तक्रार केलीया त्यांनी, व्होल्टेज कमी येतंय म्हणून."

मृणाल घाबरून माझ्या मागं येऊन उभी राहिली. तक्रार मीच केली होती, आधीच्या भाडेकरूंसाठी. नाव विचारल्यावर बिलावरचं वाचून दाखवलं होतं, दुसरं काय करणार?

*

गॅसचं तर माझ्याच अंगाशी आलं. सिलिंडरवाल्याचा फोन आला, प्लॉट नंबर अकरा कुठं? मी म्हटलं, असलं काय न्हाय इथं, पुढच्या कॉलनीत बघा. तो पुढच्या कॉलनीत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा मी त्याला वाटेला लावलं. दोन दिवस मृणालचा स्वयंपाक माझ्या शेगडीवर, आणि दोघी मिळून त्या सिलिंडरवाल्याला शिव्या.

तिसऱ्या दिवशी तिनं भाडेकरार उघडून दाखवला. तिचं घर प्लॉट नंबर अकरा. म्हणजे आम्ही दहा. तीस वर्षं मी प्लॉट नंबर दहामध्ये राहते, हे मला अकोल्याच्या पोरीनं सांगितलं. आम्हाला सगळं जग 'पिंपळाजवळ, निळं गेट' एवढ्यावर सापडतं.

*

आता दुधाचं. आमच्याकडं म्हैस चौकात येते, तुमच्यासमोर धार काढतात, भांडं घेऊन उभं राहायचं. मृणाल म्हणाली, "काकू, मला सकाळी मीटिंग असते, दूध घरपोच नाही का मिळत?" मी म्हशीवाल्या सर्जेरावला निरोप दिला, अकरा नंबरला घरपोच पाहिजे.

सर्जेराव सरळ माणूस. दुसऱ्या दिवशी साडेसहाला म्हैस घेऊन तिच्या पायरीशी हजर. बेल वाजवली आणि बादली घ्यायला माझ्या नळावर आला. त्या आठवड्यात पोरीच्या दाराची बेल सारखी वाजायची. कधी वायरमन, कधी सुतार, कधी डिशवाला, आणि नवरा सहालाच वारणेला गेलेला. तिनं झोपेत दार उघडलं. समोर म्हशीचं तोंड.

"साहेब घरी नाहीत, नंतर या," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सर्जेरावच्या हातातली बादली पडली. मी हसून हसून ओट्यावरच बसले.

*

राहिलं नेट. नेटवाला शनिवारी येणार होता, आला नाही. रविवारीही नाही. मला तर बहिणीच्या नातवाच्या बारशाला गडमुडशिंगीला जायचंच होतं. जाताना मृणालकडं बघवेना. नवऱ्यानं तिची पुण्याला जायची बॅग खाली काढून ठेवली होती. म्हणाला, असू दे समोर.

सोमवारी सकाळी मी बहिणीच्या पडवीत पुरणाला बसलेले. साडेआठ होऊन गेलेले. फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडून रडवेला आवाज, "काकू, आत्ता तुम्हाला ओटीपी आलाय, तो सांगा. लवकर."

आमच्या बचत गटात बँकेच्या मॅडम येऊन सांगून गेल्यात, अनोळखी नंबरवरून रडत रडत ओटीपी मागतात, नवऱ्याचा आवाज असला तरी द्यायचा न्हाय. मी म्हटलं, "मी असल्याला फसणारी न्हाय."

"अहो काकू, मी मृणाल! माझ्या फोनवर ऑफिसची लाइन चालू आहे, हा नेटवाल्या दादांचा फोन आहे. वायर ओढून झाली, फक्त आकडा पाहिजे. दहा मिनिटांत ओटीपी बाद होतो, सात झाली."

बहीण मान हलवून नको नको म्हणत होती. मला एकदम सुचलं. मी म्हटलं, "मृणाल असशील तर सांग, दारात म्हैस आली तेव्हा तिला काय म्हणालीस?"

 मग पोरगी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "साहेब घरी नाहीत, नंतर या!"

मी पुरणाच्या हातानं फोन धरून सहा आकडे वाचले. वाचता वाचता पलीकडं शिडी उचलल्याचा खडखडाट झाला, आणि फोन तिथंच टाकून मृणालचा आवाज लांब लांब पळत गेला.

"ओ दादा, थांबा! तुम्हाला नाही, म्हशीला!"