पानांवरचे डाग

ताईच्या नवऱ्याला राग आला की तो आधी दाराला कडी लावायचा. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री करून दमलेली माझी थोरली बहीण, आणि हा गडी भाजीत मीठ कमी म्हणून तिच्या कानशिलात भडकावणार! एकदा केस धरून कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा पोटात लाथ घातली. सकाळी मात्र स्वारी लोण्याहून मऊ. "झालं गेलं विसर," म्हणायचा, आणि ती खरंच विसरायची. माझं डोकं फिरायचं. किती वेळा म्हटलं, माझ्याकडे राहायला ये. "अगं, वळ काय, चार दिवसांत जातात," हे तिचं ठरलेलं उत्तर.

लॉन्ड्रीच्या पलीकडे रोपांची नर्सरी होती. तिथे मागच्या सावलीत तिला ती झाडं दिसली. जाडसर, लवदार पानं. एकाला जांभळ्या घंटा, दुसऱ्याची पानं तांबूस आणि फुलं लालभडक. असलं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं. नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या, "दोन्ही एकाच कुळातली. पाणी बशीत घाला, ती खालून पितात." ताईने दोन्ही कुंड्या खिडकीत आणून ठेवल्या.

मग नवऱ्याला माफीची नवी तऱ्हा सापडली. रात्री बडवायचं आणि सकाळी फ्रीजमधलं गार पाणी पानांवर ओतायचं. "बघ, तुझ्या लाडक्यांना आंघोळ घातली!" पानांवर पांढुरके डाग पडू लागले. रोग लागला म्हणून ताई घंटांची कुंडी घेऊन नर्सरीत गेली.

"रोग कसला? कुणीतरी वरून गार पाणी ओततंय," बाई म्हणाल्या.

"डाग जातील ना?"

"नाही हो. पान गळेपर्यंत तसेच राहणार."

ताई कुंडी घेऊन तडक माझ्याकडे आली. एकेका पानावर बोट ठेवत म्हणाली, "हा कपाळाचा. हा लाथेचा. हा दात पडला तेव्हाचा." मधलं कोवळं पान तेवढं स्वच्छ होतं. त्यावर बोट ठेवून ती रडली, मग उठली. "दुसरी कुंडी आणते. आता तिथे राहायचं नाही."

मीही सोबत गेले. नवरा स्वतःच शर्टाला इस्त्री करत होता. "बायको असून माझ्यावर ही वेळ!" तो ओरडला, मला बाहेर ढकललं आणि कडी लावली. मी दारावर दोन्ही मुठी आपटत होते. आत ताई भिंतीवर आदळली. कुंडी फुटली. ताई किंचाळली, पुन्हा किंचाळली, आणि मग ओरडला तो. तसं ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

ताईने दार उघडलं. ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि हातात तापलेली इस्त्री होती. तो मोरीत बसून सोललेला तळवा नळाखाली धरून कण्हत होता.

"घाल, गार पाणी घाल," ताई म्हणाली. "डाग जायचा नाही."

तिने लाल फुलांचं रोप मुळांसकट उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं. निघताना इस्त्रीचं बटण बंद करायला ती विसरली नाही.