तोफेचं कुंकू

चौकात युद्धस्मारक म्हणून ठेवलेली ती अवजड तोफ मला कधीच आवडली नाही. दर दसऱ्याआधी तिला नवा रंग मिळतो. खालच्या फरशीवरची जवानांची नावं मात्र पुसट होत चालली आहेत.

यंदाही दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी बायका ताटं घेऊन आल्या. तोफेला झेंडूचा हार घातला, चाकाशी नारळ फोडला. माणसं मारायला ओतलेल्या लोखंडाला आपण किती सहज देव करतो, याचीच मला चीड येत होती. तेवढ्यात शेजारच्या शांताकाकू पुढे झाल्या. त्यांचा नवरा सरहद्दीवर तोफांच्या माऱ्यात गेला. फरशीवर त्याचंही नाव आहे. त्यांनी कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला, तशा महिला मंडळाच्या अध्यक्षा हळूच म्हणाल्या, “काकू, तुम्ही नका. सवाष्णींनाच लावू द्या.”

माझं डोकं फिरलं. “चला काकू, घरी जाऊ,” मी म्हटलं.

काकू हलल्या नाहीत. त्या खाली वाकल्या, नवऱ्याच्या नावावर उडालेलं नारळाचं पाणी त्यांनी पदरानं टिपलं आणि अध्यक्षाबाईंना म्हणाल्या, “लावा तिला. माझं असल्याच एकीनं पुसलंय.”