बघायला शिकलेले लिफ्टकाका

लिफ्टकाका मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. पेन्शनच्या कामासाठी मी एका सात मजली कचेरीत गेले होते. लिफ्ट खच्चून भरलेली, आणि हे स्टुलावर दाराकडे तोंड करून बसलेले. मागे कोणी रडत असो की आरशात केस सारखे करत असो, काका मान वळवत नसत. पुढे ते आमच्या समोरच्या घरात राहायला आले, तेव्हा मी कारण विचारलं. "आत आलेल्याकडे बघायचं नाही, बाई. तेवढाच त्याला एकांत."

यंदा लिफ्ट आपोआप चालणारी झाली आणि स्टूल गेलं. पन्नाशी उलटलेल्यांसाठी कचेरीने प्रशिक्षण ठेवलं. कॅमेऱ्यांच्या खोलीत बसून पडद्यांवर लक्ष ठेवायचं. परीक्षेत पास झालं तर नोकरी, नाहीतर घर. काकांची धाकटी अजून कॉलेजात.

बटणं त्यांना पटकन जमली. घात झाला तो वेगळाच. परीक्षेत पडद्यावर लिफ्टमधली एक बाई डोळे पुसू लागली आणि काकांनी सवयीने नजर खाली घातली. तेवढ्यात मागच्या माणसाने कोपऱ्यात पिशवी ठेवली आणि तो उतरून गेला.

"पिशवी कोणाची?" शिकवणाऱ्या साहेबांनी विचारलं. "कुठली पिशवी?" काकांनी उलट विचारलं.

आणखी एकच संधी होती. काकांची झोप उडाली.

"जन्मभर माझ्याकडे धड बघितलं नाही," काकू मला म्हणाल्या, "आता परक्या बायकांकडे बघायचा पगार घेणार!"

"तू गप गं. इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

"मग बघा की! चोरी करताय का?"

रोज संध्याकाळी ते माझ्या गॅलरीत येऊन बसू लागले. रस्त्यावरून कोण गेलं, कुठे वळलं, मी विचारायची. कोणी वर पाहिलं की काका कानापर्यंत लाल.

"बाई, चेहरे सोडून नुसत्या हातांकडे बघितलं तर चालेल?"

"पिशव्या हातातच असतात," मी म्हटलं.

दुसऱ्या परीक्षेहून ते आले आणि जिन्यातच बसले. मला वाटलं, गेली नोकरी. पास झाले होते, पण साहेब म्हणाले होते, "काही महिने बघू."

सध्या ते दुपारपाळीला कॅमेऱ्यांच्या खोलीत असतात. नोकरी अजून पक्की झालेली नाही.