दादाची आश्रित

नवं राज्य झालं आणि आमचा दादा भोपाळहून बदली होऊन रायपूरला आला. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत तेव्हा मंत्रालय बसलं होतं. दादाला तिथं अधिकाऱ्याची खुर्ची, राहायला सरकारी क्वार्टर आणि जीप मिळाली. आई-बाबा गेल्यापासून धाकटी बहीण रायपुरातच माझ्याजवळ होती. मी सरकारी शाळेत शिकवत होते. बहिणीच्या लहानपणी मेंदूत ताप गेला आणि तिचं ऐकणं संपलं; बोलणंही हळूहळू थांबलं. आम्ही दोघी हातांनी बोलायचो, ते हातवारे आमचे आम्हीच बनवले होते.

ती घरी बसून नव्हती. एका छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायची. सगळ्या कचेऱ्यांच्या लेटरपॅडवरून ‘मध्यप्रदेश’ जाऊन ‘छत्तीसगढ़’ येत होतं, त्यामुळे छापखान्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मालक म्हणायचा, दीदीच्या कामात चूक निघत नाही. पगार थोडा होता, पण तिचे कपडे, औषधं, घरातला किराणा ती स्वतःच्या पैशानं आणायची.

जानेवारीत एका संध्याकाळी दादा आला. नोकरदारांच्या घरात जानेवारी कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. विम्याच्या पावत्या, बचतपत्रांच्या झेरॉक्स शोधायच्या. ऑफिसात दिल्या नाहीत तर फेब्रुवारीच्या पगारातून सगळा टॅक्स एकदम कापला जातो. दादा चहा पिता पिता म्हणाला, “हिचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून आण. मले लागून राहिलं.”

“तुले काहून?”

“आश्रित भावाबहिणीला अपंगत्व असलं तर सूट मिळते. पावत्या-बिवत्या कोणी मागत नाही. टॅक्स किती कटून राहिला माझा, तुले काय सांगू.”

“पण ती राहते माझ्यापाशी. आणि कमावते.”

“त्या छापखान्याच्या पैशाला कमाई म्हणते का तू? आणि तुझा तसाही टॅक्स किती होतो? फायदा घरातच राहील ना.”

कुठल्या घरात, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात तो दिवाळीला आणि राखीला यायचा.

तरी मी गेले. सर्टिफिकेट असलं तर तिला रेल्वेत सवलत मिळेल, एवढाच माझा विचार होता. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डासमोर लांब रांग होती. पाय नसलेली माणसं फरशीवर बसून होती, आणि आत चहा चालला होता. आमचा नंबर आला तेव्हा कळलं, कान तपासायची मशीन बंद आहे. डॉक्टरनं बहिणीला पाठमोरी बसवलं, एक स्टीलचा ट्रे उचलला आणि तिच्या मागं टेबलावर आपटला. टेबल हललं, ते तिच्या कोपराला लागून होतं. तिनं वळून पाहिलं.

“सुनती तो है,” डॉक्टर म्हणाला. बोर्डावरचे बाकीचे दोघे हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “टेबल हिला है, सर,” मी म्हटलं. “आपण कोपर ठेवा आणि कान बंद करून पाहा.” अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलून गेले. त्यांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली. पुन्हा गेलो, मशीन सुरू होती, सर्टिफिकेट मिळालं. रिक्षात बहिणीनं विचारलं, हे कशासाठी? मी तळहातावर बोटानं लिहिलं: आश्रित. दादाची आश्रित.

शब्द तिला पाठ होता, किती अर्जांत तिनं तो टाइप केला असेल. तिनं ओंजळ करून पुढं धरली, देवळाच्या पायरीवर बसलेली बाई धरते तशी. हे? मी ‘हो’ म्हणून मान हलवली. तिनं घरापर्यंत माझ्याकडं पाहिलं नाही.

रविवारी तिनं बॅग भरली. सर्टिफिकेट बॅगेत घातलं, सायकलरिक्षा बोलावली आणि हातांनी सांगितलं: त्याची आहे तर त्याच्याकडं राहते. मी अडवलं नाही. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत फाटकात उभी राहिले.

ती रोज दादाच्या क्वार्टरमधून छापखान्यात जायची. सकाळी दादा जीपमध्ये बसायला निघाला की ड्रायव्हरच्या देखत त्याच्यासमोर हात पसरायची, रिक्षाच्या पैशासाठी. पाहुणे आले की बैठकीत येऊन बसायची. वहिनी तिला आतल्या खोलीत जायला खुणावायची, तर ती हसून मान डोलवायची आणि तिथंच बसायची.

आधी वहिनीचा फोन आला. “बाई, तिच्याशी बोलावं कसं तेच समजत नाही. लोक विचारून राहिले, कोण आहे म्हणून.”

“सांगा ना, आश्रित आहे म्हणून.”

मग दादाचा आला. “काय लावलं तुम्ही दोघींनी हे?”

“कागदावर ठेवणार होता ना तू? घरात ठेव.”

त्यानं फोन आपटला. पुढच्या रविवारी जीप आमच्या दारात उभी राहिली. दादानं बॅग ओसरीवर ठेवली. “नाही लावत तिचं नाव. झालं समाधान?” तो बसला नाही. पाणीही घेतलं नाही.

मी भांडायची तयारी करून बसले होते, भांडायला काही उरलंच नाही. आणि मग जो संताप आला तो आधीच्यापेक्षा मोठा होता. पैसे सोडायला तो तयार झाला होता. सख्खी बहीण पंधरा दिवसही सांभाळायला तयार झाला नव्हता. मी स्वयंपाकघरात भांडी आदळत राहिले, तिला ऐकू जात नाही हे विसरून. ती आली, माझा हात धरला आणि विचारलं, जेवायला काय आहे? वहिनीचं वरण फार पातळ असतं.

दादाशी मी बोलते, राखीही बांधते. पण तेव्हापासून मनातलं काही त्याला सांगितलेलं नाही.

पुढं छापखाना वाढला, तिचा पगारही वाढला, आणि एका वर्षी तिच्यावरच टॅक्स बसला. आम्ही वकिलाकडे गेलो. स्वतःच्या अपंगत्वाची सूट तिला स्वतःच्या नावानं मिळत होती. वकिलानं सगळे प्रश्न मला विचारले. तिचं काम काय, बँक कोणती, पॅन कुठं आहे. मी प्रत्येक वेळी तिच्याकडं बोट दाखवलं, तिनं प्रत्येक वेळी लिहून उत्तर दिलं, आणि पुढचा प्रश्न पुन्हा मलाच आला.

शेवटी त्यानं विचारलं, “इनकी तरफ से साइन कौन करेगा?”

मी काही बोलायच्या आत तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. सरळ, मोठी, पूर्ण नावाची. त्यानं कागद उचलला, सही पाहिली, आणि म्हणाला, “थँक्यू, दीदी.”

मला म्हणाला.