पाण्यातली हळद

वाशीमच्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते. नवरा गेल्यापासून वरच्या खोलीत एकटी राहते, पण दोन कप चहा टाकायची खोड काही जात नाही. खाली घरमालकीण काकू आणि त्यांची मुलगी, माझी विद्यार्थिनी. अनसिंगला त्यांचं हळदीचं शेत आहे.

हळदीचा प्रयोग तिच्याच वर्गात केला. एकच हळद थिनरमधलं टोल्युइन, स्पिरिट आणि पाणी यांत ढवळायची नि नोटा तपासायच्या छोट्या जांभळ्या दिव्याखाली धरायची. पोरी उतावळ्या, पी हळद अन् हो गोरी! टोल्युइनमधली निळसर हिरवी झळकली, स्पिरिटमधली पिवळट. पाण्यातली जवळजवळ विझलेली.

“मॅडम, हळद तर एकच हाय, मंग रंग काहून बदलते?” तिनं विचारलं.

मी सांगितलं, उजेड शोषला की हळदीच्या रेणूतला विद्युतभार एका बाजूला सरकतो. स्पिरिटचे रेणू ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण. ते भोवती दाटी करून त्याची थोडी ऊर्जा काढून घेतात, म्हणून रंग पिवळ्याकडे झुकतो. टोल्युइन फारसं लक्ष देत नाही. पाणी मात्र इतकं चिकटतं की उजेड बाहेर पडतच नाही. बोलताना मला नवरा गेल्यावर भोवती जमलेल्या बायका आठवल्या.

मग तिचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी काकू वर आल्या. “जेवाले या बरं मॅडम.” जेवायला. हळदीला विधवेला बोलवत नाहीत, आणि येऊ नका असंही कुणी म्हणत नाही. मला मात्र तिला हळद लावायची होती. नवी साडी नेसून मी अंगणात कडेला उभी राहिले.

सवाशिणींचं झालं तशी ती उठून आली आणि तिनं माझं मनगट धरलं. “लावा नं मॅडम. मांगं कायले उभ्या राह्यल्या?”

सगळ्या बायका काकूंकडे बघू लागल्या. काकू म्हणाल्या, “लावा, मी सांगून राह्यली.”

उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर? मीच हात सोडवून घेतला. “हात धुतलेले नाहीत,” म्हणाले आणि जिना चढले.

वर येऊन साबणानं हात खसखसून धुतले. खिडक्या लावून प्रयोगातला तो जांभळा दिवा हातावर धरला. बोटांवर काहीच नव्हतं. मनगटावर तिची बोटं पिवळी उजळली होती.

मग मी रडले, आणि डोळे दुसऱ्या हातानं पुसले.