बॅटरी संपली म्हणणारे

नागपुरात माणसांवर अविश्वास ठेवणारे पुष्कळ आहेत. पण त्या अविश्वासाला दशांशचिन्हासकट आकडा देणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात, मी ओळखतो तेव्हापासून, पीएच.डी. करत होता. विषय असा: टॉवर बंद पडला, तर आसपासचे मोबाइल एकमेकांच्या हातून निरोप पुढे कसे सरकवतील? आणि मधलाच एखादा फोन निरोप गिळून बसला, तर त्याला ओळखून साखळीबाहेर कसं काढायचं? या दुसऱ्या भागावर त्याचं प्रेम जडलं. दगाबाज फोन हुडकता हुडकता तो नातेवाइकांपर्यंत पोहोचला.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला लकडगंजच्या हॉलवर त्याने "वरणात मीठ कमी आहे" एवढा निरोप दारातून सोडला आणि पाहुण्यांच्या तोंडून तो आचाऱ्यापर्यंत कसा जातो, हे डायरी घेऊन पाहत बसला. निरोप माझ्याकडे आला तेव्हा माझ्या पानात गरम वडे पडत होते. मी खात बसलो, निरोप तिथेच अडला. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन.

"भाऊ, तुमचा विश्वासांक शून्य पॉइंट नऊचा शून्य पॉइंट चार झाला."

"अरे, पण वडे..."

"कारण आपण मोजतच नाई. निरोप गेला का नाई, तेवढंच."

कारणांचा त्याला तिटकाराच. किती बॅटरी उरली हे फोन स्वतःच सांगतो, आणि दगा देणारा तेही खोटंच सांगणार, म्हणून त्याने विश्वासांक काढणाऱ्या आपल्या मॉडेलमधून बॅटरीचा रकानाच उडवला. "बॅटरी संपली म्हणणारे सगळे चोर राह्यते, भाऊ!" एकदा चाचणीचे फोन वाडीच्या गोदामांत नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी तापाने फणफणलो होतो. तर म्हणाला, "ताप ऐनवेळीच कसा येते सगळ्याईले?"

शेवटी प्रात्यक्षिकाचा दिवस उगवला. बाहेरगावचे परीक्षक आले होते. प्रबंध तरणार की बुडणार, ते त्या एका सकाळवर होतं. कॉलेजच्या आवारात आम्ही बारा नातेवाईक बारा फोन घेऊन पुतळ्यांसारखे उभे. फाटकातला निरोप सभागृहात पोहोचवायचा. शेवटचा मी, सभागृहाच्या दारात; मधोमध, पाण्याच्या टाकीपाशी, माझी मेहुणी, म्हणजे त्याचीच बायको. निरोप तिच्यापर्यंत आला आणि तिथेच मेला. सभागृहातल्या पडद्यावर तिचा ठिपका लाल झाला, शेजारी अक्षरं उमटली: 'स्वार्थी'. मॉडेलने तिला बाहेर काढलं आणि साखळीचे दोन तुकडे झाले.

"पाहा सर, दगाबाज सापडला!" साडभाऊ आनंदाने ओरडला.

परीक्षक शांतपणे म्हणाले, "दगाबाज सापडला, की थकलेला? हा फरक तुमचं मॉडेल कसा ओळखतं?"

साडभाऊ तडक टाकीकडे धावला, मी मागोमाग.

"काहून वं, ऐनवेळी काहून बंद केला?"

"बंद नाई केला. बॅटरी गेली. तुमच्या परीक्षक सायबाची गाडी, नाश्ता, खोली... सकाळपासून मीच फोन करून राहिली होती ना? चार्जर पाह्यजे म्हणून सांगतलं बी होतं तुम्हाले. तुम्ही म्हणले, सगळे असंच म्हणते."

तिने फोन त्याच्या हातावर ठेवला आणि माझ्या गाडीत येऊन बसली.

प्रबंध परत आला. मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. परवा त्यांच्या घरी गेलो, तर त्याने एक कागद माझ्यापुढे धरला. "सोपं होतं, भाऊ. किती उरली म्हणून एकदा विचारायचं, अन् शेजारच्याईकडून खातरी करायची. बस. आता हे कोणाले दाखवू?"

तेवढ्यात मेहुणी चहा घेऊन आली. त्याने कागद तिच्याकडे वळवला. "तू पाह्यतं का वं?"

"नंतर पाहीन. थकली मी."

"बस मग," तो म्हणाला, आणि दिवाणावर चटकन सरकून त्याने जागा केली.

ती बसली नाही. रिकामा ट्रे घेऊन आत गेली. त्या जागेवरची चादर तो किती तरी वेळ तळहाताने सारखी करत राहिला.